आठव्या वर्षी लागलेला नंबर

परदेशातल्या त्या मोठ्या मॅरेथॉनसाठी टायपिंगचे मास्तर आणि त्यांची बायको सात वर्षं अर्ज करत होते आणि सातही वर्षं सोडतीनं दोघांच्या तोंडाला पानं पुसली होती. दोघांत ठरलेलं होतं, एकाचाच नंबर लागला तर दुसऱ्यानं तोंड पाडायचं नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

यंदाची सोडत निघाली आणि लेकीचा फोन आला. "बाबा, लागला का नंबर?"

"माझा नाही. तुझ्या आईचा लागला."

"बाबा, आईला जाऊन आठ महिने झाले. तिचा अर्ज कोणी भरला?"

"मीच. दरवर्षी दोन्ही मीच भरायचो ना! माझा झाला की हात आपोआप तिच्या अर्जाकडे वळला. पाठवल्यावर लक्षात आलं."

"मग ती जागा तुम्हाला नाही मिळणार?"

"नाही गं. ज्याचा नंबर, त्यानंच धावायचं."

फोन ठेवून मास्तर उठले. दाराशी तिचे धावायचे बूट अजून तसेच होते. मास्तर भिंतीच्या कडेला उभे राहिले आणि ठरल्याप्रमाणे टाळ्या वाजवू लागले.