निदान वीकनेस तरी विचारा!

कपड्यांच्या कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून शिवणवाल्या काकूंनी इंटरव्ह्यूची इंग्रजी उत्तरं अशी घोटली होती, की नवराही झोपेत “आय ॲम अ टीम प्लेयर” बरळायला लागला होता. लेक तर हात धुऊन मागे लागलेली. प्रत्येक उत्तराआधी तिचं एकच, “आई, ताठ बस आधी!”

आणि प्रत्यक्षात काय, तर मॅनेजरसाहेबांनी काकूंनी शिवलेली कॉलर नुसती उलटसुलट करून पाहिली. “झकास! उद्यापासून या.”

काकूंचा चेहराच पडला. “एवढंच? अहो, निदान माझा वीकनेस तरी विचारा!”

साहेबांनी हसू दाबत विचारला. मग काय, काकू सुटल्याच! वीकनेस झाला, स्ट्रेंथ झाली, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता तेही झालं. सगळं खणखणीत इंग्रजीत, एका दमात.

साहेब उठले. त्यांनी केबिनचं दार हळूच लावून घेतलं आणि खिशातून पेन काढलं.

“काकू, ते वीकनेसचं परत एकदा सांगा, जरा सावकाश. उद्या माझाही इंटरव्ह्यू आहे, दुसऱ्या कंपनीत.”

काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

“ताठ बसा आधी!”