दगडातलं पाखरू

आमच्या कुळात मोर पुजतात, धनराजच्या कुळात घोरपड. तेवढ्यावरून बाबा आमच्या लग्नाला अडून बसले होते.

"उडणारं पाखरू कुठी, सरपटणारी घोरपड कुठी," तेंदूपत्त्याचे पुडे बांधता बांधता ते म्हणायचे. "आपली त्याईच्यात सोयरीक कधीच झाली नाई."

उद्या धनराजचे आईवडील धानोऱ्याहून शेवटचं विचारायला येणार होते. सकाळपासून मी नुसती घरात-अंगणात करत होते. शेवटी न राहवून कॉलेजात दाखवलेला एक फोटो मोबाइलवर उघडला आणि बाबांसमोर धरला. दगडात दबून राहिलेला जुना जीव. अंगावर पाखराची पिसं, पण जबड्यात दात आणि मागे हाडांची लांब शेपूट.

"पाहा बाबा, पाखरं सरपटणाऱ्या जनावराईतूनच झाली. मोर आन घोरपड मुळात एकाच घरचे."

बाबांचे हात थांबले. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. दात पाहिले, पिसं पाहिली. माझं म्हणणं पहिल्यांदाच त्यांना पटलेलं दिसलं.



"बरं झालं पोरी, वेळेवर सांगतलं. भावकीत सोयरीक होत नाई आपल्यात."