बाहेर उघडणारी दारं

कुंभकोणमात देवळाला साधी ट्यूबलाइट दिली, तरी लोक तिच्यावर आपलं नाव रंगवून घेतात. आणि पितळी भांड्यांचा छोटासा कारखाना चालवणारे हे त्रिविक्रमराव अख्खी शाळा बांधून देत होते, वर नावाची पाटी नको म्हणत होते! मुख्याध्यापिका वेंकटलक्ष्मींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्रिविक्रमरावांचा हट्ट एकच, प्रत्येक वर्गाला दोन रुंद दारं, तीही बाहेर उघडणारी. म्हणजे पुढेमागे इथे भांड्यांचं गोदामच करायचा बेत असणार.

शेवटी बाईंनी विचारलंच, "एका वर्गाला दोन दारं कशाला हो, राव?"

"माझ्या लेकीच्या, पवित्राच्या शाळेला आग लागली, तेव्हा वर्गाला एकच दार होतं, टीचर. ती मागच्या बाकावर बसायची."