लाल पेन

सहा वाजले आणि निवाराघराच्या बाईंचं लाल पेन सापडेना.

निळी पेनं तीन होती. पण संध्याकाळी सहाला रजिस्टरमध्ये शेवटच्या सहीखाली मारायची रेघ लालच हवी, असं नियमावलीत छापलेलं होतं. रेघेच्या वर जिची सही, तिला रात्रीची खाट. रेघ पडली की उरलेली खाट बाकावर थांबलेल्या मुलींपैकी पहिलीला. नियम सोपा होता. तो करणारे सहाच्या आत घरी पोचत असावेत.

रजिस्टरमध्ये अकरा सह्या झाल्या होत्या. बारावी खाट इस्त्रीवालीची. तिला इस्त्रीवाली म्हणायला लागून एकच दिवस झाला होता. निवाराघराच्याच रोजगार विभागाने तिला लॉन्ड्रीत चिकटवलं होतं. तिथून सुटायचं सहाला, मग बस, म्हणजे इथे यायला पावणेसात. रोजगार विभाग पहिल्या मजल्यावर, निवास विभाग तळमजल्यावर. मध्ये अठरा पायऱ्या होत्या, तरी पत्रव्यवहार टपालाने चाले. पंचेचाळीस मिनिटांची सवलत मागणारा बाईंचा अर्ज वर गेला होता आणि विचाराधीन होता.

"लॉन्ड्री सोडू का मग?" सकाळी पोरीने विचारलं होतं. "रात्रभर स्टँडवर बसले तर सकाळी कुणाचा तरी शर्ट जाळून ठेवीन मी."

"तू जा गं. आणि उशीर करू नकोस," बाई म्हणाल्या होत्या. कुठे, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

बाकावर आज एकच मुलगी होती. मांडीवर दप्तर आणि दप्तरात सगळा संसार. दोन दिवस तिचा नंबर हुकला होता. आज ती पहिली होती आणि घड्याळाकडे बघत होती.

बाईंनी वरचा खण उघडला. त्यातलं सगळं टेबलावर काढलं, झटकलं, परत ठेवलं. मग मधला. खालच्या खणात कुलूप नसलेल्या चार किल्ल्या निघाल्या. त्या त्यांनी लहानमोठ्या लावून ठेवल्या.

वॉचमनमामा दारात आले.

"बाई, सव्वासहा झाले."

"दिसतंय मला. पेन दिसत नाहीये."

मामांना दिसत होतं. बाईंच्या अंबाड्यात खोचलेलं होतं, टोपणासकट.

"अहो बाई, ते तुमच्या..."

"मामा, गेटवर कोण आहे?"

मामा गेटवर गेले. गेट जागेवरच होतं.

साडेसहाला बाकावरची मुलगी उठली आणि टेबलाजवळ आली. बाईंचा हात खणातच थांबला. मुलीने बाईंकडे पाहिलं, मग वाकून टेबलाखाली पाहिलं.

"इथेही नाहीये," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

सहा पन्नासला इस्त्रीवाली धापा टाकत आत शिरली. मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. अर्ज मंजूर झाला असता, तरी तिला पाच मिनिटं उशीरच झाला असता.

"मारली का हो रेघ?"

बाईंनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. तिने सही केली. सही होईपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी डोकं खाजवलं.

"अगं बाई! इथेच होतं की."

त्यांनी पट्टी ठेवून बाराव्या सहीखाली रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली. इस्त्रीवाली आत खाटेकडे पळाली.

बाकावरची मुलगी दप्तराची चेन लावत होती. बाईंनी कपाटातून चादर आणि उशी काढली, आणि बाकावर ठेवली.

"हे चालतं?" मुलीने विचारलं.

"नियम खाटेला आहेत. बाकाला रजिस्टर नाही."

मुलीने उशी दोनदा थोपटली. बाकावर आडवं पडून पाहिलं. पाय थोडे बाहेर येत होते.

"मला पेन मघाशीच दिसलं होतं," ती छताकडे बघत म्हणाली. "अंबाड्यात."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग बोलली का नाहीस? खाट तुझी होती."

"वरच्यांनी माझंही नाव दिलंय. बेकरीत." तिने चादर गळ्यापर्यंत ओढली. "सुटायची वेळ सात."

बाई पेन खणात ठेवायला निघाल्या होत्या. त्यांनी खण लावून टाकला आणि पेन पुन्हा अंबाड्यात खोचलं. या वेळी जरा खोल.