कडूबाईचे दूध

“जेवनाच्या टायमाला मेलेला मासा काय बघायलीस गं?” तुरीच्या शेंगा सोलता सोलता कडूबाईने विचारले.

“मासा न्हाई, माय. डॉल्फिनचं पिल्लू हाय. डॉल्फिन लेकराला अंगावर पाजती.”

मंजुषाने लॅपटॉप आईकडे वळवला. विद्यापीठात वाचायचा शोधनिबंध ती सोपा करून सांगू लागली. येलदरी धरणाखालच्या कापसावर औषध मारतात. कीटकनाशकाला इथे औषधच म्हणतात. रोगी कोण, हे विचारायचे नसते. ते पूर्णा नदीत उतरते, गोदावरीतून समुद्रात जाते, माशांत शिरते आणि मासे खाणाऱ्या डॉल्फिनच्या चरबीत जन्मभर साचत राहते.

कडूबाईचे खरे नाव शालू. पहिला मुलगा मल्हार तान्हा असतानाच गेला, तेव्हा सासूने निकाल दिला होता, “हिचं दूधच कडू हाय.” नाव चिकटले. पोटुशी सुनेला उघड्या हातांनी औषध कालवायला पिटाळणारी तीच होती. पण न्यायाधीशाची उलटतपासणी कोण घेणार? बायका कडूबाईच्या हाती तान्हे मूल देईनाशा झाल्या. मग मंजुषा झाली, जगली, आणि बोलायला लागल्यापासून आजीशी भांडत राहिली, “मीबी तेच दूध पेले. मला तर ग्वाड लागलं!” आईच्या बाजूने एवढाच एक पुरावा होता. त्याच्याच बळावर कडूबाई पुन्हा बारशांना जाऊ लागली होती.

“मग त्या आईला काय हुतं?” कडूबाईने विचारले.

“आई वाचती. जन्मभर साचलेलं इख दुधातून पहिल्या पिल्लात उतरतं. ते बहुतेक जगत न्हाई. आई मोकळी होती. मग दुसऱ्याला...”

शास्त्रात याला भारमुक्ती म्हणतात. तो सुबक शब्द मंजुषाच्या ओठांवर आला आणि तिथेच थिजला. निबंधातले तो शब्द असलेले वाक्य तिने स्वतः लिहिले होते, अभिमानाने. तिने लॅपटॉप मिटला.

“दुसऱ्याला काय हुतं गं?”

“काय न्हाई, माय. ते डॉल्फिनचं हाय. मानसाचं न्हाई.”

“अंगावर पाजती म्हनलीस ना?”

कडूबाईने हातातली शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले.

“म्हंजे कडू समदं मल्हारनं पेलं,” ती म्हणाली. “म्हनून तुला ग्वाड लागलं.”