वायरलेसवरच्या गप्पा

थोरल्याच्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. लग्नाची धावपळ संपल्यावर आलेल्या रविवारी धाकटा भाऊ डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत घोटा बांधून बसला होता. सकाळी पहिल्याच चढाला पाय मुरगळला होता. थोरला आणि त्याचा लंगोटीयार बेकरीवाला, दोघे वर गेले होते. तंबू लावून बसले होते. त्यांच्या गप्पा धाकट्याच्या हातातल्या वायरलेसवर स्पष्ट ऐकू येत होत्या.

थोरला रेडिओ दुरुस्त करायचा. म्हणून बेकरीवाला त्याला ‘रेडिओ’ म्हणायचा, आणि थोरला त्याला ‘पाव’.

“ए पाव, हा बन आहे की दगड? सूपमध्ये भिजत घातला तरी बुडत नाही.”

“व्याह्यांनी मागून मागून खाल्ला बरं का हाच बन.”

“मुलीकडचे लोक नाराज होतील म्हणून खाल्ला त्यांनी. अजून गोळ्या घेताहेत.”

खाली धाकटा एकटाच हसला. मग तंबूचं कापड फडफडल्याचा आवाज आला.

“काय वारा सुटलाय! बरं झालं स्टोव्ह आत घेतला,” बेकरीवाला म्हणाला. “तंबूची चेन पूर्ण लाव, ज्योत हलतेय.”

धाकट्याचं हसू जागीच थांबलं. स्टोव्ह तंबूबाहेर, हा त्यांच्यातला पहिला नियम. नव्या माणसाला बूट कसे बांधायचे हे सांगण्याआधी थोरला हा नियम सांगायचा. बंद जागेत स्टोव्ह जळत राहिला की विषारी वायू साठतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो. माणूस बसल्या जागी पेंगतो आणि पुन्हा उठत नाही.

धाकट्याने बटण दाबलं. “दादा, स्टोव्ह बाहेर काढ. आधी चेन उघड.”

“कॉफीत साखर किती घालू?” वरून थोरल्याचा आवाज आला.

“दादा, ऐक माझं!”

“घाल दोन चमचे. घरी कुठे मिळते मला?” बेकरीवाला म्हणाला.

धाकट्याच्या लक्षात आलं. वरच्या वायरलेसचं बटण दाबलेलं राहिलं होतं. ते दाबलेलं असेपर्यंत वायरलेस नुसता बोलतो, ऐकत नाही. “बसला असेल त्याच्यावर, रेडा कुठला,” तो चिडून पुटपुटला. त्याने मोबाइल पाहिला. रेंज नव्हती. त्याने कोपऱ्यातली काठी उचलली, वायरलेस खिशात कोंबला आणि लंगडत चढाला लागला.

खिशातून गप्पा येतच होत्या. कोणाची बॅटरी जास्त टिकते, नवे बूट कुठे चावतात, थर्मासचं झाकण कोणी हरवलं.

“रेडिओ, ज्योत पिवळी का दिसतेय रे?”

“म्हातारा झालाय स्टोव्ह. तुझ्यासारखाच.”

“डोकं धरलंय माझं.”

“माझंही. लग्नाची जागरणं आता निघताहेत बाहेर.”

धाकटा पायवाट सोडून दगडांवरून सरळ वर चढू लागला. दुखरा पाय टेकवत नव्हता. मग तो हातांनी चढला. दर चार पावलांनी बटण दाबून ओरडत होता. शेवटी हाक मारायलाही दम उरला नाही.

तेवढ्यात चेन उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वाऱ्याचा.

“मळमळतंय. जरा बाहेर जाऊन येतो,” बेकरीवाला म्हणाला.

“राहू दे उघडी,” धाकटा खिशाकडे बघून म्हणाला. “दादा, तशीच राहू दे.”

“अरे, ज्योत विझेल ना,” थोरला हसत म्हणाला. आतून चेन ओढल्याचा आवाज आला. वारा थांबला.

बराच वेळ फक्त स्टोव्हची घरघर ऐकू येत होती. मग थोरला बोलला. जीभ जड झाली होती.

“बारक्या, ऐकतोयस ना रे?”

धाकटा दोन्ही हातांनी वायरलेस धरून ओरडला, “ऐकतोय दादा! बटण सोड! दादा, बटण सोड!”

“पोरगी गेली, घर कसं मोठं मोठं वाटतंय. पुढच्या रविवारी तुला पाठीवर घेऊन येईन वर. पण तू आलंच पाहिजेस.”

आता बोलणं झालं, आता तो बटण सोडेल, म्हणून धाकटा थांबला. श्वास रोखून थांबला. बटण सुटलं नाही. घरघर चालू राहिली. नंतर तीही बंद पडली. गॅस संपला असावा.

तो पोचला तेव्हा बेकरीवाला तंबूपासून थोड्या अंतरावर गवतात पालथा पडला होता. ओकला होता, पण श्वास चालू होता. धाकट्याने तंबूची चेन फाडून काढली. थोरला सॅकला टेकून बसला होता. गाल लालबुंद होते. जेवून डुलकी लागलेला माणूस दिसतो, तसा दिसत होता. धाकट्याने त्याला ओढून उघड्यावर आणलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, हाका मारल्या. मग नुसताच त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

वायरलेस तंबूतच होता. त्याच्यावर कोणी बसलं नव्हतं. कॉफीच्या डब्यावर तो नीट उभा करून ठेवला होता आणि बटणावर जाड रबर दोन वेढे देऊन चढवला होता.

“त्यानेच लावला,” बऱ्याच वेळाने शुद्धीवर आल्यावर बेकरीवाला म्हणाला. “म्हणाला, बारक्या खाली एकटाच कुढत बसला असेल. त्याला ऐकू देत आपल्या गप्पा.”

थोरला भाऊ त्याच रविवारी गेला, संध्याकाळ व्हायच्या आधी.