देवाची मूठ

मंदीच्या त्या वर्षी वडील कामाला होते तो छापखाना बंद पडला. घरातले तांदूळ तळाला गेले, तरी शिजवण्याआधी आई देवाच्या नावाची एक मूठ चुलीशेजारच्या मडक्यात टाकतच होती. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात असं मडकं असे आणि रविवारी सगळी मडकी चर्चमधल्या एकाच पोत्यात रिकामी होत. “आता तरी थांब,” वडील म्हणाले. “देव काय नाशिक रोडला मालगाडी पाठवणार आहे?” “कसं पाठवायचं ते तो बघेल,” म्हणत आईने शेवटची मूठही टाकली. मला ते ‘कसं’च पाहायचं होतं. रविवारी दुपारी पाळकसाहेब त्या पोत्यातलं पायलीभर धान्य आमच्या ओट्यावर ठेवून गेले. शाळेत नुकतंच बियांचं वर्गीकरण शिकले होते, म्हणून मी सुपात दाणे वेगळे करत बसले. तांदूळ, ज्वारी, बाजरी, आणि त्यांत नागलीचे, म्हणजे नाचणीचे, बारीक तांबडे दाणे. नागली वस्तीत एकाच घरी शिजे. “आई, ही भागीमावशीची. पेठच्या डोंगरातून आल्यापासून ती गवताचे भारे विकते. तिच्याकडे तर आपल्याहून कमी आहे.” “हो.” “मग तिला कोण देतं?” चूल फुंकता फुंकता आई थांबली. मडकं माझ्याकडे सरकवत म्हणाली, “आजची मूठ तू घाल.” माझी मूठ लहान होती, म्हणून मी दोनदा घातली.